नऊ-सोळाचा पाना

ताडपत्री काढली ती ट्रक विकायचा म्हणूनच. घेणाऱ्याने सांगितलं होतं, आधी फोटो पाठवा, इंजिन नीट दिसेल असे पाठवा. म्हणून शेडच्या दारातून ऊन आत येईपर्यंत थांबले, धूळ उडू नये म्हणून ताडपत्री हळूहळू गुंडाळत मागे नेली, बॉनेट उचललं आणि मोबाइल समोर धरला. तेव्हा दिसलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळीच्या, शेवटच्या नटावर पाना तसाच लटकलेला होता. नऊ-सोळाचा, म्हणजे नऊ-सोळांश इंचाचा रिंग पाना, दांड्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दादाच्या सगळ्या हत्यारांना ती निळी पट्टी असायची. तीन वर्षं आणि चार महिने तो पाना तिथेच होता, आणि एवढ्या काळात गंजाने त्याला नटाशी असा सांधला होता की नट कुठे संपतो आणि पाना कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी मोबाइल खाली घेतला. बॉनेट लावलं, ताडपत्री पुन्हा ओढली, घरी आले आणि त्या माणसाला कळवलं की फोटो उद्या पाठवते. उद्याही पाठवले नाहीत.

त्या पान्याला मी हात लावला नाही.

पण तो डोळ्यांसमोरून हलेना. रात्री कूस बदलली की दिसायचा. मला वाटायचं, त्या संध्याकाळनंतर कुणीतरी शेड आवरली असेल, हत्यारं पेटीत गेली असतील. कुणीच आवरली नव्हती. कोण आवरणार होतं? शेडची किल्ली माझ्याकडेच होती, आणि ती मी एका डब्यात टाकून डबा कपाटाच्या वरच्या फळीवर सारला होता.

त्या संध्याकाळी दादा त्याच नटाशी झटत होता. मॅनिफोल्डचे बाकीचे नट निघाले होते, हा एकच अडून बसला होता. मी स्टुलावर वही घेऊन बसले होते आणि दुसऱ्या हातात बॅटरी होती. दादा म्हणाला, "पाना जड लागतोय आज." मी वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "जोर लाव की." त्याने जोर लावला असावा. थोड्या वेळाने तो पाना सोडून आपल्या हाताकडे बघत उभा राहिला. मी विचारलं, दमलास का. तो काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही याचं काही वाटलंही नाही. कारण काम करताना वॉशर ओठांत धरून बोलायची त्याची जुनी सवय होती. त्या बोबड्या बोलण्याला मी लहानपणापासून सरावलेले. मी माझी नोंद पूर्ण केली, पिशवीवर चिठ्ठी लावली, पुढचं पान उलटलं. मग बॅटरी सहज वर गेली आणि उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. तोंडात वॉशर नव्हता.

वीस मिनिटं गेली होती. वहीतल्या नोंदींच्या वेळा नंतर मी कितीदा तरी ताडून पाहिल्या आहेत, म्हणून आकडा ठाऊक आहे.

चेहरा एका बाजूला ओघळणं, एक हात उचलता न येणं आणि बोलणं अडखळणं, पक्षाघाताच्या या तीन खुणा आता मी झोपेतही सांगेन. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितकं बरं, हेही आता माहीत आहे. आम्ही वेळेत पोचलो होतो. इंजेक्शन मिळालं. त्या वीस मिनिटांनी काय फरक पडला असता, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, हे कुणीच सांगू शकणार नाही, तुम्हीही स्वतःला विचारत बसू नका. त्यांनी खूप मायेने सांगितलं. मी मात्र विचारत राहिले. "जोर लाव की" हे तीन शब्द मी दादाशी आयुष्यात हजारदा बोलले असेन, आणि त्यातली एकच वेळ माझ्या लक्षात राहिली.

पुढच्या तीन वर्षांबद्दल फार लिहायचं नाही. दादाचा उजवा हात कोपरापासून खाली जवळजवळ गेला, पाय हळूहळू काठीच्या आधाराने आला, बोलणं गेलं. त्याच वर्षी माझी नोकरी गेली. पुढच्या वर्षी माझा खांदा आखडला, इतका की मला पाठीमागे हात नेऊन वेणी घालता येईना. तो सुटायला दीड वर्ष लागलं. वहिनीने आणि मी पाळ्या लावून घेतल्या होत्या. त्या दिवसांत कुणी ट्रकचं नाव काढलं की वहिनी उठून आत जायची. एकदा म्हणाली, "काढून टाका तो. त्याच्यापायी झालं म्हणत नाही मी. पण माझ्या डोळ्यांसमोर नको." मी हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

ट्रक आमच्याकडे आला तेव्हा त्याला ट्रक म्हणावं असं थोडंच उरलं होतं. १९५० सालची शेवरोले, ३१०० मॉडेल, अर्ध्या टनाची. जनरल मोटर्सने ही घडण १९४७ च्या उन्हाळ्यात आणली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालवली. गुबगुबीत मडगार्डं, पुढच्या जाळीच्या पाच आडव्या पट्ट्या, काचेच्या मधोमध उभी दांडी. आमच्यातल्या पाच पट्ट्यांपैकी दोन होत्या. हौद्याच्या फळ्या कुजून गेलेल्या, केबिनचे खालचे कोपरे बोटाने ढोसलं तर आत जात होते. दादा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला, खाली वाकून चॅसीवर हातोडीने ठिकठिकाणी टकटक केलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "हाडं शाबूत आहेत. मांस चढवता येईल." आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घातले. माझ्या नावावर तोवर कुठलंच वाहन नव्हतं.

कामाची वाटणी न ठरवताच ठरली. पाना त्याचा, वही माझी. निघालेला प्रत्येक भाग मी पिशवीत घालायचे, वर चिठ्ठी लावायचे: कुठला, कुठून निघाला, कितवा, वॉशर आधी की स्प्रिंग आधी, पुन्हा वापरायचा की बदलायचा. चारशेच्या वर पिशव्या झाल्या. आणि बॅटरी धरायची. ते काम तर मी सात वर्षांची असल्यापासून माझंच. दादा रेडिओ उघडो नाहीतर शिवणयंत्र, मी बॅटरी धरून उभी. "मी बघतोय तिकडे धर, तू बघतेयस तिकडे नको," हे त्याचं वाक्य. ते शिकायला मला वर्षं लागली. दुसऱ्याची नजर कुठे जाणार आहे ते आधी ओळखून उजेड तिथे नेणं, हे वाटतं तितकं सोपं नसतं.

दादाचा जीव त्या इंजिनात होता. एका रांगेत सहा सिलिंडर, २१६ घनइंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. बाहेरून खाच असलेले जे बोल्ट दिसतात ते जुन्या लोखंडी शेगडीच्या बोल्टांसारखे, म्हणून या घराण्याच्या इंजिनांना स्टोव्हबोल्ट हे नाव पडलं. आतली वंगणाची रीत आजच्या माणसाला खरी वाटणार नाही. हल्लीच्या इंजिनात पंप तेल दाबून प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवतो. यात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मुख्य बेअरिंगांना दाबाचं तेल मिळतं, पण कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चक्क छोट्या पळ्या असतात, आणि प्रत्येक फेऱ्यात त्या खालच्या पन्हळीतलं तेल उचलून घेतात. बेअरिंगही निराळी: बॅबिट नावाचा मऊ, पांढरट धातू ओतून बनवलेली. झीज झाली की टोपीखालची कागदासारखी पातळ पत्री काढायची आणि पुन्हा आवळायचं. दादाने पहिल्यांदा ऑइलचं भांडं उतरवलं आणि त्या पळ्या दिसल्या तेव्हा तो जमिनीवर पाठीवर पडूनच मला हाक मारायला लागला. मी त्याच्या शेजारी आडवी झाले. तो एकेका पळीवरून बोट फिरवत होता. काळ्या तेलाचे थेंब त्याच्या कपाळावर पडत होते. "बघ, बघ, किती सरळ विचार केलाय. तेल हवंय ना, मग घे उचलून."

इंजिन जाम होतं. सहाच्या सहा पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले. आम्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून ओतलं. रोज सकाळी बघायचं, पातळी उतरली असली की आणखी ओतायचं. घाई करून क्रँकला हिसका द्यायचा नाही, दिलास तर रिंगा मोडतील, असं दादाने मला बजावलं होतं, जणू हिसका देणारी मीच होते. बाराव्या दिवशी त्याने फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या मागच्या जड चाकाच्या, दात्यांत टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, अडकवली आणि हलकेच भार दिला. या इंजिनात टायमिंगची खूण पुढच्या पुलीवर नसते. फ्लायव्हीलमध्ये एक पोलादी गोळी ठोकून बसवलेली असते आणि मागच्या बाजूला एका छोट्या खिडकीतून ती बघायची असते. मी त्या खिडकीवर बॅटरी धरून बसले होते. किती वेळ काही दिसेना, नुसता काळा गंजकट कडा. मग तो कडा केसभर सरकला. आणखी केसभर. आणि बऱ्याच वेळाने खिडकीच्या एका टोकाकडून एक चमकता ठिपका आत आला. "आली!" मी ओरडले. दादाने टॉमी सोडून दिली आणि तसाच भिंतीला टेकून बसला. गोळी बघायला तो लगेच आला नाही. मी बघितली ना, मग झालं, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं.

त्या रात्री त्याने मला फायरिंग ऑर्डर पाठ करून घेतली. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. कुठल्या सिलिंडरमध्ये ठिणगी कुठल्या क्रमाने पडते त्याचा तो क्रम. वहीत लिहून ठेवते म्हटलं तर म्हणाला, हे लिहायचं नसतं, हे तोंडात बसलं पाहिजे. निघताना दारात, गाडीत बसताना, हात धुताना तो मध्येच म्हणायचा, "एक-पाच-तीन?" आणि मी म्हणायचे, "सहा-दोन-चार."

फोटो न पाठवलेल्या त्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. म्हणाली, "हे काहीतरी आकडे म्हणतायत. सकाळपासून तेच तेच. बँकेचं काही आहे का, कुलपाचा नंबर आहे का, काही कळत नाही. मी कागदावर लिहून घेतलेत." मी म्हटलं, वाच. ती वाचायला लागली, एक, पाच, तीन. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. मी म्हटलं, वहिनी, फोन त्याच्या कानाला लाव. आणि मी म्हणाले, "एक-पाच-तीन?"

पलीकडे बराच वेळ श्वास ऐकू आला. मग स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता: "सहा-दोन-चार."

तीन वर्षांत त्याला माझं नाव घेता आलं नव्हतं. वाचाघात झालेल्या माणसाला पुष्कळदा बोललेलं समजतं, काय म्हणायचं तेही आत तयार असतं, पण शब्द हाताशी येत नाही. चमच्याला कंगवा म्हणतो आणि चूक झाली हे त्याला त्याच क्षणी कळतं, हे आम्ही रोज पाहत होतो. त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की अंक ओळीने मोजणं, वारांची नावं, गाणं, तोंडून आपसूक निघणारे उद्गार, हे कितीतरी जणांत टिकून राहतं, कारण ते शब्द शोधून बोलावे लागत नाहीत, एकामागोमाग एक येतात. आम्ही त्याच्याकडून सोमवार-मंगळवार म्हणून घ्यायचो. ते तो म्हणायचा, कंटाळून. या आकड्यांचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि ते एकट्या मलाच येऊ शकलं असतं. मी ट्रकचं नाव त्याच्यासमोर काढायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. त्याला त्रास होईल म्हणून, असं मी म्हणत होते.

वहिनीनेच पुढे सांगितलं, "ने त्यांना तिकडे एकदा. मी येणार नाही. पण ने."

त्याला न्यायच्या आधी मी एकटी जाऊन सगळं पाहून आले. माझ्या मनात कुठेतरी असं होतं की आम्ही ठेवला तसा ट्रक थांबला असेल; आपण येऊ तेव्हा वही उघडायची आणि पुढच्या पानापासून सुरू. लोखंड असं थांबत नाही. टाकीत तळाशी राहिलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झाला होता आणि सीटमागे असलेल्या त्या टाकीचा आंबूस वास अख्ख्या केबिनमध्ये भरला होता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्या ओलाव्याने आम्ही नव्याने घासून बसवलेले चाकांचे ब्रेक सिलिंडर आतून खड्डे पडून वाया गेले होते. कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरी नमुन्यासाठी ठेवल्या होत्या, त्या उंदरांनी कुरतडून त्यांचं सीटच्या कापसात घरटं केलं होतं. ज्या लाकडी ठोकळ्यांवर चॅसी तोलली होती त्यातला एक ओल लागून खचला होता, आणि ट्रक एका खांद्याने किंचित वाकून उभा होता. प्रायमर मारलेल्या पत्र्यावर खालून गंजाचे फोड आलेले. आमचं निम्मं काम पुन्हा करायचं होतं. मला रडू आलं, आणि ते नुसतं ट्रकसाठी नव्हतं.

मग मी खिडकीशी बॅटरी ठेवली, फ्लायव्हीलमध्ये टॉमी अडकवली आणि चांगल्या खांद्याने भार दिला. फिरलं. जड, पण कुरकुर न करता. दर शनिवारी निघताना दादा प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून प्लगच्या भोकांत चिंध्यांचे बोळे घट्ट बसवायचा. त्या शेवटच्या संध्याकाळी तेल सोडायला त्याला वेळ मिळाला नव्हता, म्हणजे हे त्याच्या आदल्या आठवड्याचं. ते तेल तीन वर्षं भिंतींना धरून राहिलं होतं.

दादा पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थांबला. काठी टेकून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं होतं तो मॅनिफोल्डकडे बघेल. त्याने आधी त्या खचलेल्या ठोकळ्याकडे काठी केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी ताबडतोब जॅक आणला. पहिला दिवस ट्रक सरळ करण्यातच गेला. मी जॅक फिरवत होते आणि तो खुर्चीत बसून डाव्या हाताचा तळवा हवेत आडवा धरून मला पातळी दाखवत होता. वर, आणखी, बस्स.

तेव्हापासून दर शनिवारी जातो. पाना आता माझा आहे. वही माझीच आहे, आणि बॅटरी त्याची. डाव्या हातात धरतो, हात दमला की गुडघ्यावर टेकवून धरतो. पहिले काही शनिवार उजेड भलतीकडेच पडायचा आणि मी काही बोलायचे नाही. मग एक दिवस न राहवून म्हणाले, "मी बघतेय तिकडे धर, तू बघतोयस तिकडे नको." तो इतका हसला की बॅटरी खाली पडली.

हत्यारांची नावं त्याला येत नाहीत. पान्याला कात्री म्हणतो, कानशीला दरवाजा म्हणतो, मग मान जोरजोरात हलवतो, डोळे मिटतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा दरवाजाच येतो. त्या वेळी तोंडात शब्द घालायचा नाही असं आम्हाला शिकवलं आहे, आणि ते पाळणं फार कठीण जातं. पण हात चुकत नाही. मी नट बघत असते तोवर त्याचा डावा हात पेटीत गेलेला असतो, आणि इंची पान्यांच्या त्या ढिगातून नेमका माप बसणारा बाहेर येतो. नजरेनेच ओळखतो. गेल्या महिन्यात मी गाडीच्या बॅटरीची अर्थची केबल चॅसीला आवळत होते. या गाडीची वीज सहा व्होल्टची. पूर्वी मी एकदा बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल आणली होती तेव्हा त्याने मला तासभर समजावलं होतं की व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, बारीक तारेत व्होल्ट वाटेतच गळतात, आणि लोक स्टार्टरला नावं ठेवतात. त्यामुळे या वेळी केबल बोटाएवढी जाड आणली होती आणि मी खुशीत होते. दादा खुर्चीतून उठला, काठी टेकत आला आणि माझ्या हातात पॉलिश पेपर ठेवला. मी केबल रंगावरच आवळली होती. रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

छोटे भाग आम्ही अंगणात गंजमुक्त करतो. टपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक एका भंगार लोखंडी पट्टीला. ती पट्टी स्टेनलेसची नको, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. आणि हे सगळं उघड्यावरच, कारण वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे. भागाभोवती बारीक फेस धरतो, रात्रभरात पाणी चहासारखं तांबडं होतं, आणि सकाळी ब्रशने घासलं की लाल गंज काळी पूड होऊन निघून जातो आणि खालून मूळ घडण वर येते, कधीकधी ओतकामाचे आकडेसुद्धा. दादाला हे बघत बसायला आवडतं. तासन्‌तास त्या बुडबुड्यांकडे बघतो. वहिनी आता अंगणापर्यंत येते. टपाशेजारी उभी राहते, एखादा भाग उचलून बघते, हा कशाचा म्हणून विचारते. शेडमध्ये अजून येत नाही.

असं सगळं चाललं होतं, आणि त्या नटाला आम्ही दोघंही बगल देत होतो. मॅनिफोल्ड उतरल्याशिवाय व्हॉल्वचं काम पुढे जाणार नव्हतं. मी तिथे पुसायचे, तेल सोडायचे, आणि दुसऱ्या कामाला लागायचे. दादा कधी बोट दाखवायचा नाही.

गेल्या शनिवारी त्याने बॅटरी उचलली आणि उजेड थेट त्या पान्यावर धरला. तसाच धरून ठेवला.

मी खूप काही बोलणार होते. तीन वर्षं मनात घोळवलेलं होतं. "दादा, त्या दिवशी मी तुला जोर लाव म्हणाले होते," एवढंच बोलू शकले. त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, काहीतरी जुळवत होता, आलं ते "पाऊस". त्याने मान हलवली, नाही, ते नाही. पुन्हा "पाऊस". मग त्याने बोलायचा नाद सोडला, डावा हात माझ्या डोक्यावर क्षणभर ठेवला, आणि पुन्हा उजेड नटावर नेला.

आधी पाना सोडवावा लागला. हातोडीने भोवती हलके ठोके देऊन तो निघाला, आतल्या बाजूला नटाचे सहा कोपरे गंजात उमटले होते. मग दादाची पद्धत. गॅसची ज्योत नटावर धरायची, स्टडवर, म्हणजे नट बसतो त्या आटेदार दांड्यावर, नाही, नट लालसर होऊ द्यायचा, ज्योत बाजूला घेऊन मेणबत्तीचं टोक आट्यांना लावायचं. मेण वितळून आत ओढलं जातं, धुराचा एक पातळ धागा वर येतो. गार होऊ द्यायचं, पुन्हा तेच. तीनदा केलं. आणि नट सोडवायच्या आधी तो किंचित आवळायचा, म्हणजे गंजाची पकड तुटते. हे त्याने मला पन्नासदा सांगितलं असेल. मी तोच पाना लावला. दादा खुर्चीतून उठला, काठी मडगार्डाला टेकवली आणि डावा हात माझ्या हातांवर ठेवला. आधी आवळला. काहीतरी टिचकन बोललं. मग सोडवायला घेतला. पाना पाव फेरा आला, कुंईं असा लांब आवाज करत, आणखी थोडा आला, मऊ लागायला लागला. इतका मऊ की मला क्षणभर आनंद झाला आणि दादाचा हात माझ्या हातावर ताठ झाला. त्याला माझ्या आधी कळलं होतं.

खट्ट झालं आणि पाना मोकळा हातात आला. नटात अर्धा स्टड होता. उरलेला अर्धा हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटून आत राहिला होता.

"गेला!" दादा म्हणाला. खणखणीत, पूर्वीच्या आवाजात.

मी तुटलेल्या तुकड्याकडे बघत होते. आतली धार चांदीसारखी चमकत होती, नुसत्या एका कडेला जुन्या चिरेचा काळा डाग. तो स्टड आधीपासूनच चिरलेला होता. माझे हात थरथरत होते, म्हणून मी पाना खाली ठेवला. मागे पेटीत खुडबुड ऐकू आली. दादाने सेंटर पंच, म्हणजे भोक पाडायच्या आधी मध्यावर खूण ठोकायचं हत्यार, काढून माझ्यापुढे धरला होता, दांड्याला निळी पट्टी असलेला, आणि बॅटरी काखेत धरून उजेड तुटलेल्या स्टडच्या मधोमध आणायच्या खटपटीत होता. उजेड डगमगत होता. मी पंचाचं टोक मध्यावर टेकवलं. त्याने मान नाही अशी हलवली, बोटाने केसभर डावीकडे दाखवलं. मी टोक सरकवलं, हातोडी उचलली आणि त्याच्याकडे पाहिलं.